अतिसंवाहकांतील प्रमाणनियम : होम्सची रेषा कितपत सार्वत्रिक आहे?

रोधशून्य (धागाकर्ता)

अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या ख्रिस्तोफर होम्स यांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००४ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातील मुख्य आलेखावर निरनिराळ्या अतिसंवाहकांचे बिंदू एकाच सरळ रेषेवर येऊन बसले होते. ही रेषा आज ‘होम्सचा नियम’ म्हणून ओळखली जाते. तिला सार्वत्रिक का म्हणतात आणि तसे म्हणणे कितपत योग्य आहे, यावर येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अतिसंवाहक थंड झाला की त्याचा विद्युतरोध शून्य होतो, आणि शिवाय तो चुंबकीय क्षेत्राला आपल्या अंतरंगातून बाहेर ढकलतो. हे ढकलणे अगदी पृष्ठभागापासून होत नाही. क्षेत्र थोडे आत शिरते आणि मग विझते. ते जितके आत शिरते त्या अंतराला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा जितका लहान, तितके अधिक इलेक्ट्रॉन अतिप्रवाहात सामील झालेले असतात. नेमके सांगायचे तर ही ‘अतिप्रवाही घनता’ लॅम्डाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते.

या घनतेचा संक्रमण तापमानाशी, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो त्या तापमानाशी, काही संबंध आहे का, हा प्रश्न होम्सच्या आधीही विचारला गेला होता. यासुतोमो उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनसारख्या, पण जड आणि अल्पायुषी कणाच्या) साहाय्याने क्युप्रेट, म्हणजे तांब्याच्या ऑक्साइडवर आधारित अतिसंवाहक, मोजले. डोपिंग, म्हणजे वाहक वाढवण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या इतर अणूंचे प्रमाण, कमी असलेल्या नमुन्यांमध्ये संक्रमण तापमान अतिप्रवाही घनतेच्या सम प्रमाणात वाढते, असे त्यांना दिसले. मात्र डोपिंग वाढवत नेले की हे नाते मोडते. तसेच ते तांबे-ऑक्सिजनच्या थरांच्या प्रतलातील प्रवाहापुरतेच आहे. थरांना काटकोनात, म्हणजे सी-अक्षाच्या दिशेने मोजले तर बिंदू भलतीकडेच जातात.

होम्स यांनी या नात्यात तिसरी राशी आणली. ती म्हणजे संक्रमण तापमानाच्या किंचित वर, पदार्थ अजून सामान्य अवस्थेत असताना, त्याची विद्युतवाहकता किती आहे. त्यांचे सूत्र असे:

अतिप्रवाही घनता = १२० × वाहकता × संक्रमण तापमान

येथे घनता म्हणजे (१ ÷ २π लॅम्डा) या राशीचा वर्ग, तोही सेंटिमीटरच्या हिशेबात. वाहकता प्रति ओम-सेंटिमीटर आणि तापमान केल्विनमध्ये. १२० या अंकात वीस टक्क्यांच्या आसपास इकडेतिकडे धरावे लागते.

एक उदाहरण हाताने करून पाहू. यिट्रियम-बेरियम-कॉपर-ऑक्साइडचे संक्रमण तापमान ९३ केल्विन. प्रतलातील वाहकता संक्रमणाच्या जरा वर ढोबळमानाने १०,००० धरू. गुणाकार येतो सुमारे ११.२ कोटी. त्याचे वर्गमूळ काढून २π ने गुणले आणि व्यस्त घेतला, की लॅम्डा येतो सुमारे १५१ नॅनोमीटर. प्रत्यक्ष मोजलेले मूल्य १५० नॅनोमीटरच्या आसपास आहे. सूत्रात इलेक्ट्रॉनचे वस्तुमान नाही, त्यांची संख्या नाही, अतिप्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या कशामुळे जमतात याचा उल्लेख नाही, तरीही उत्तर बरोबर येते.

विशेष म्हणजे प्रतलातील आणि सी-अक्षाच्या दिशेचे बिंदू एकाच रेषेवर येतात. लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटमध्ये सी-अक्षाची वाहकता प्रतलातल्यापेक्षा काही शेकडो पट कमी असते आणि लॅम्डा काही मायक्रॉनपर्यंत जातो, पण बिंदू रेषा सोडत नाही. नायोबियम आणि शिसे हे साधे धातूसुद्धा त्याच रेषेच्या आसपास आहेत. सगळे मिळून आलेख सुमारे पाच दशमानांइतका (एक दशमान म्हणजे दहा पट) पसरलेला आहे.

इतक्या वेगळ्या पदार्थांना एकच रेषा लागू होते ती कशामुळे, हा माझा प्रश्न आहे.

---

तिरकस_रेषा

विषय उत्तम मांडला आहे, पण ‘सार्वत्रिक’ हा शब्द मला जरा जपून वापरावासा वाटतो. माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला आलेखाविषयी. दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असले आणि पसारा पाच दशमानांचा असला, तर एखादा बिंदू रेषेपासून दुप्पट दूर असला तरी तो डोळ्यांना रेषेवरच दिसतो. शिवाय आडव्या अक्षावर वाहकता आणि तापमान यांचा गुणाकार आहे. या दोघांपैकी संक्रमण तापमान फार तर काही केल्विनपासून शंभराच्या थोडे पुढे जाते, म्हणजे जेमतेम दीड दशमान. उरलेला सगळा पसारा वाहकतेचा आहे. तेव्हा तो आलेख मुख्यतः ‘घनता विरुद्ध वाहकता’ असाच आहे आणि तापमानाची भूमिका त्यातून फारशी कसोटीला लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. ही रेषा १९५७ च्या बार्डीन-कूपर-श्रीफर सिद्धांतातूनही निघते, त्यासाठी काही नवे गृहीत धरावे लागत नाही. ज्या धातूत अशुद्धी भरपूर आहे आणि इलेक्ट्रॉन वारंवार धडकतात, त्याला ‘डर्टी लिमिट’ म्हणतात. तेथे सगळे इलेक्ट्रॉन अतिप्रवाहात येत नाहीत. धडकांमुळे वाहकतेतला त्यांचा वाटा मोठ्या ऊर्जापट्ट्यात विखुरलेला असतो, आणि त्यातला ऊर्जा-गॅपच्या (जोडी मोडताना प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) आवाक्यातला भाग तेवढा अतिप्रवाहात जातो. परिणामी घनता ही वाहकता आणि गॅप यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येते. गॅप म्हणजे १.७६ गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले संक्रमण तापमान. झाला होम्सचा नियम. गुणक मात्र १२० ऐवजी सुमारे २३० येतो, म्हणजे दुपटीच्या आत, आणि दुपटीचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

आता उलट बाजू पाहा. अत्यंत शुद्ध ॲल्युमिनियम घ्या. संक्रमण तापमान १.२ केल्विन. शुद्धीकरणाने थंड अवस्थेतील वाहकता खोलीच्या तापमानापेक्षा हजार पट वाढवता येते, म्हणजे सुमारे ३८ कोटी. होम्सच्या सूत्रात घातल्यास लॅम्डा ७ नॅनोमीटर यायला हवा. प्रत्यक्षात तो ५० च्या आसपास आहे. इतकेच नव्हे, ॲल्युमिनियममधले झाडून सगळे मुक्त इलेक्ट्रॉन अतिप्रवाहात आणले तरी तो १६ नॅनोमीटरच्या खाली जात नाही. म्हणजे येथे नियमाचे उत्तर चुकते एवढेच नाही, ते अशक्य कोटीतले आहे.

जो नियम शुद्ध ॲल्युमिनियमला लागू होत नाही, त्याला सार्वत्रिक कसे म्हणायचे?

---

मोगरा

मी या विषयातली नाही, त्यामुळे प्रश्न अगदी प्राथमिक वाटला तर समजून घ्यावे. अतिप्रवाही घनता प्रत्यक्षात मोजतात कशी? लॅम्डा १५० नॅनोमीटर असेल तर इतक्या उथळ थरात क्षेत्र किती शिरले हे बाहेरून कसे कळते?

---

पाराकेल्विन

@मोगरा, प्रश्न प्राथमिक मुळीच नाही. पुढचे निम्मे वाद या मोजमापातूनच निघालेले आहेत. मुख्य पद्धती दोन आहेत.

उएमुरांची पद्धत म्युऑनची, आणि त्यांचे प्रयोग कॅनडातील व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेत झाले. म्युऑन नमुन्यात जाऊन थांबतो, तेथल्या स्थानिक चुंबकीय क्षेत्रात त्याची फिरकी गोल फिरते आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंदांत त्याचा क्षय होऊन पॉझिट्रॉन बाहेर पडतो. पॉझिट्रॉन फिरकीच्या दिशेने जास्त प्रमाणात निघतात, म्हणून ते मोजले की आतले क्षेत्र समजते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की ते नमुन्यात भोवऱ्यांच्या रूपाने शिरते, त्यामुळे आतले क्षेत्र सगळीकडे सारखे राहत नाही. क्षेत्रातला हा फरक जितका मोठा, तितक्या लवकर म्युऑनांच्या फिरक्यांचा मेळ बिघडतो. त्या बिघडण्याच्या वेगावरून लॅम्डा काढतात.

होम्सची पद्धत अवरक्त प्रकाशाची आहे. स्फटिकावर अवरक्त प्रकाश टाकून किती परावर्तित झाला हे प्रत्येक वारंवारतेला मोजायचे. यातली खरी अडचण संदर्भाची असते, कारण स्फटिक मिलिमीटरभराचा, त्याचा पृष्ठभाग वेडावाकडा, आणि प्रकाशझोत त्याच्यापेक्षा मोठा. यावर होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्येच एक चांगला तोडगा काढला होता. आधी नमुना मोजायचा, मग निर्वातातच, नमुना जागचा न हलवता, त्यावर सोन्याचा पातळ थर चढवायचा आणि पुन्हा मोजायचे. सोन्याचे परावर्तन आधीच माहीत असल्यामुळे दोन्ही मोजमापांच्या गुणोत्तरातून नमुन्याचा आकार आणि खडबडीतपणा आपोआप वजा होतो.

परावर्तनावरून प्रत्येक वारंवारतेची वाहकता गणिताने काढता येते. संक्रमणाच्या वरचा आणि खालचा वक्र एकावर एक ठेवला की खालच्या वक्राखालचे काही क्षेत्रफळ गायब झालेले दिसते. ते शून्य वारंवारतेला जाऊन बसलेले असते, आणि तेच अतिप्रवाहाचे इलेक्ट्रॉन. या पद्धतीचा फायदा असा की वाहकता आणि अतिप्रवाही घनता या दोन्ही गोष्टी एकाच नमुन्यावर, एकाच दिशेने, एकाच यंत्रातून मिळतात.

---

रोधशून्य

@तिरकस_रेषा, ॲल्युमिनियमचा हिशेब चोख आहे आणि तो मला मान्य आहे. किंबहुना मला जे म्हणायचे आहे त्याला तो पूरकच आहे.

नियम कोठे चालतो आणि कोठे नाही, ते पाहू. शुद्ध ॲल्युमिनियममध्ये संक्रमण तापमानाला इलेक्ट्रॉन क्वचितच धडकतात. अशुद्ध नायोबियममध्ये वारंवार धडकतात. म्हणजे निर्णायक गोष्ट धडकांचा दर ही आहे, आणि तो बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान भागिले प्लांक स्थिरांक (२π ने भागलेला) या नैसर्गिक दराच्या तुलनेत किती आहे हे पाहावे लागते. दर त्याच्या बरोबरीचा किंवा वरचढ असेल तर बिंदू रेषेवर येतो. तो खूप कमी असेल तर बिंदू रेषेखाली घसरतो.

क्युप्रेटमध्ये धडकांचा दर मोठा आहे हे खरे, पण तो अशुद्धीमुळे नाही. पुरावा ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील बॉन आणि हार्डी यांच्या सूक्ष्मलहरींच्या प्रयोगांत आहे, आणि हे दोघेही होम्सच्या निबंधाचे सहलेखक आहेत. चांगल्या यिट्रियम क्युप्रेटमध्ये संक्रमणाच्या खाली उतरताच धडकांचा दर झपाट्याने कोसळतो आणि सूक्ष्मलहरींना दिसणारी वाहकता वाढून तिचे शिखर तयार होते. अशुद्धी काही थंडीने निघून जात नाही. तेव्हा वरच्या धडका इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या असल्या पाहिजेत. अशा स्फटिकाला डर्टी लिमिटचे स्पष्टीकरण लावता येत नाही, तरी बिंदू रेषेवर आहे.

लायडनच्या यान झानेन यांनी होम्सच्या निबंधासोबत त्याच अंकात जे भाष्य लिहिले, ते नेमके येथे बोट ठेवते. सगळे इलेक्ट्रॉन अतिप्रवाहात गेले असे धरा. मग घनता म्हणजे वाहकता भागिले धडकांमधला सरासरी वेळ. हा वेळ पुंजभौतिकी आणि तापमान यांनी मिळून ठरवलेल्या किमान मर्यादेला टेकलेला असेल, तर तो तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असणार, आणि होम्सचे सूत्र समोर येते. याला पुढे प्लांकीय ऱ्हास असे नाव रूढ झाले. १२० या गुणकावरून उलट हिशेब केला तर धडकांचा दर त्या नैसर्गिक दराच्या सुमारे २.९ पट निघतो. ९३ केल्विनला दोन धडकांमध्ये साधारण २८ फेम्टोसेकंद.

म्हणून मी या नियमाकडे जोड्या जमण्याविषयीचे विधान म्हणून न पाहता, संक्रमणाच्या उंबरठ्यावर सामान्य अवस्थेतील इलेक्ट्रॉन किती जोराने धडकतात याविषयीचे विधान म्हणून पाहतो.

---

तिरकस_रेषा

हे मात्र पटण्यासारखे आहे. पण मग त्याचा अर्थ असाही होतो की एखादा नवा पदार्थ होम्सच्या रेषेवर बसला, यावरून त्याची अतिसंवाहकता असाधारण आहे असे काहीच सिद्ध होत नाही. घाणेरडा साधा धातू आणि स्वच्छ क्युप्रेट दोन्ही तेथेच असतील तर रेषा त्या दोघांत भेद करत नाही. नवीन पदार्थाच्या निबंधात शेवटची आकृती म्हणून हा आलेख टाकून ‘आमचाही बिंदू रेषेवर’ असे लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला म्हणूनच निरर्थक वाटते.

---

अर्धवाहक

सी-अक्षाच्या दिशेचे बिंदू रेषेवर का येतात यावर वर कोणी बोलले नाही, आणि तेथे उत्तर बरेच सोपे आहे. थरांना काटकोनात इलेक्ट्रॉन वाहत जात नाहीत. ते एका थरातून दुसऱ्यात उडी मारतात. म्हणजे संपूर्ण स्फटिक हा एकावर एक रचलेल्या जोसेफसन संधींचा (दोन अतिसंवाहक आणि मध्ये पातळ अडथळा अशा जोडांचा) ढीग आहे. अशा संधीतून जास्तीत जास्त किती अतिप्रवाह जाईल हे विनय आंबेगावकर आणि बॅराटॉफ यांनी १९६३ मध्ये दाखवले: गॅप भागिले संधीचा सामान्य अवस्थेतील रोध. रोधाचा व्यस्त म्हणजे वाहकता, गॅप म्हणजे तापमान, आणि पुन्हा तेच सूत्र. (अवांतर: कॉर्नेलच्या या भौतिकशास्त्रज्ञाचे आडनाव पाठ्यपुस्तकात दिसले की मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकतेच.)

मौजेची गोष्ट अशी की डर्टी लिमिट, प्लांकीय धडका आणि जोसेफसन उड्या या तीन भिन्न वाटांनी एकाच आकाराचे सूत्र मिळते. मितींचा विचार केला तर यात फार नवल नाही. घनता भागिले वाहकता ही राशी मुळात एक दर आहे, आणि त्या तापमानाला उपलब्ध असलेला नैसर्गिक दर एकच आहे. फक्त गुणक सर्वत्र दुपटीच्या आत का राहतो, एवढेच समजावून सांगावे लागते.

---

कर्जत_लोकल

सेंद्रिय अतिसंवाहक ही रेषा पाळत नाहीत असे वाचल्याचे आठवते. कोणी अधिक सांगेल का?

---

पाराकेल्विन

@कर्जत_लोकल, होय. प्रॅट आणि ब्लंडेल यांनी २००५ मध्ये रेणवीय अतिसंवाहकांचे आकडे एकत्र केले तेव्हा त्यांना वेगळेच नाते मिळाले: संक्रमण तापमान लॅम्डाच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. उएमुरांचे नाते वर्गाचे आहे, त्यामुळे हा फरक लहान नव्हे.

यावर डॉर्डेविच, बासोव्ह आणि होम्स यांनी २०१३ मध्ये उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की घनता एका नमुन्याची म्युऑनने मोजलेली, वाहकता दुसऱ्या नमुन्याची तारा जोडून मोजलेली, अशी सरमिसळ झाल्यामुळे हे विचलन दिसते. एकाच नमुन्यावर एकाच पद्धतीने घेतलेले आकडेच वापरले तर सेंद्रिय पदार्थही रेषेवर येतात. हे म्हणणे मला प्रयोगाच्या अंगाने वजनदार वाटते. सेंद्रिय स्फटिक अतिशय नाजूक असतात, थंड होताना त्यांना तडे जातात, आणि तडा गेलेल्या स्फटिकाला तारा जोडून मोजलेली वाहकता दहा पटींनीही चुकू शकते. मात्र अशी गाळणी लावल्यावर हाती उरणारे बिंदू थोडेच असतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

---

तिरकस_रेषा

आणि गाळणी लावणारे स्वतः होम्स असतात, हेही!

---

रोधशून्य

त्या टोमण्यात तथ्य आहे, पण गाळणीचा निकष आधी जाहीर केलेला असेल तर आक्षेप घेणे अवघड जाते.

माझ्या मते अधिक अवघड प्रश्न डोपिंग जास्त असलेल्या क्युप्रेटचा आहे. ब्रूकहेवनच्याच इव्हान बोझोविच यांच्या गटाने लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटचे दोन हजारांहून अधिक पातळ पापुद्रे एकेक अणुथर रचून वाढवले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडला. डोपिंग वाढवले की वाहक वाढतात, तेव्हा स्वच्छ पदार्थात अतिप्रवाही घनताही वाढायला हवी. घडले उलटे. घनता कमी कमी होत गेली, संक्रमण तापमान तिच्यासोबत सरळ रेषेत उतरले, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात ते तिच्या वर्गमुळाप्रमाणे शून्याकडे गेले. उरलेले इलेक्ट्रॉन गेले कोठे?

यावर दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे, नेहमीचा सिद्धांत अपुरा आहे. दुसऱ्या बाजूला ली-होन, डॉज आणि ब्राऊन यांनी २०१७ मध्ये दाखवले की डी-तरंग अतिसंवाहकात (ज्यात गॅप दिशेनुसार बदलतो आणि काही दिशांना शून्य होतो) अशुद्धीचा परिणाम नीट धरला तर हे आकडे बऱ्याच अंशी जुन्या सिद्धांतातूनच निघतात. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये आर्मिटेज यांच्या गटाने बोझोविच यांचेच पापुद्रे टेराहर्ट्झ प्रकाशाने तपासले, तेव्हा जोडी न जमवता सामान्य धातूसारखे वागणारे पुष्कळ इलेक्ट्रॉन अतिशीत अवस्थेतही शिल्लक असलेले दिसले. इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागला, पण ते तसे का उरतात यावरचा वाद मिटलेला नाही.

---

मोगरा

यात भारतातले काम काही आहे का?

---

पाराकेल्विन

आहे, आणि मुंबईतच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या पापुद्र्यांत अव्यवस्था टप्प्याटप्प्याने वाढवून संक्रमण तापमान १६ केल्विनपासून पार तळापर्यंत उतरवले. पापुद्र्याच्या दोन बाजूंना दोन लहान वेटोळी ठेवायची, एकातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्यात किती पोहोचतो हे पाहायचे. पापुद्रा जितके क्षेत्र अडवतो त्यावरून लॅम्डा मिळतो. अव्यवस्था फार वाढली की घनता इतकी घटते की जोड्या असूनही त्यांची कला, म्हणजे फेज, एकसंध राहत नाही. संक्रमण तापमानाच्या वरही गॅपचा अवशेष दिसतो, जो एके काळी क्युप्रेटचेच वैशिष्ट्य मानला जाई. एमरी आणि किव्हेल्सन यांनी १९९५ मध्ये क्युप्रेटसाठी मांडलेली हीच कल्पना नायोबियम नायट्राइडसारख्या साध्या अतिसंवाहकात अशी पाहायला मिळते.

---

अर्धवाहक

या उदाहरणामुळे एक फरक स्पष्ट करता येतो. नेल्सन आणि कोस्टर्लिट्झ यांनी १९७७ मध्ये सांगितले की अतिपातळ पापुद्र्यात अतिप्रवाही घनता संक्रमण तापमानाला एका ठरावीक उडीने शून्य होते, आणि त्या क्षणीचे घनता व तापमान यांचे गुणोत्तर केवळ मूलभूत स्थिरांकांवर अवलंबून असते. पुढच्याच वर्षी बिशप आणि रेपी यांनी हेलियमच्या पापुद्र्यात ते मोजून दाखवले. तेथे पदार्थाच्या अशुद्धीचा, धडकांचा, वाहकतेचा काही संबंध नाही, आणि गुणकात दुपटीची सूटही नाही. मी ‘सार्वत्रिक’ हा शब्द अशा निकालासाठी राखून ठेवीन आणि होम्सच्या नियमाला सहसंबंध म्हणेन.

---

रोधशून्य

सहसंबंध म्हणायला माझी हरकत नाही. मात्र त्याची कसोटी घ्यायचीच असेल तर तिरकस_रेषा यांचा पहिला आक्षेप धरून घ्यावी: एकाच स्फटिकात, डोपिंग न बदलता, इलेक्ट्रॉनांचा मारा करून दोष वाढवत जायचे आणि घनता, वाहकता व संक्रमण तापमान तिन्ही अवरक्त प्रकाशानेच मोजायचे. दोषांमुळे वाहकता घटते आणि क्युप्रेटमध्ये तापमानही उतरते, त्यामुळे बिंदू रेषेला धरूनच खाली सरकत गेला पाहिजे. त्या वाटेवर गुणक १२० वरून २३० कडे सरकतो की तेथेच राहतो, हे रेखीय अक्षांवर मांडले तर प्लांकीय धडका आणि अशुद्धी यांत फरक करता येईल. लॉग अक्षांवर तो दिसणार नाही.